दोन सरकारं आणि एक खाट

सोमवार, ४ तारीख. सकाळ

मला कोणी विचारलं नाही. काल संध्याकाळी बर्फाच्या कारखान्याची गॅसची टाकी गळायला लागली, भोंगा झाला, दोन सरकारांनी दोन हुकूम काढले, आणि गल्लीतल्या सगळ्यात जुन्या बाईचं मत काय, हे विचारायला एक कुत्रंसुद्धा दारात आलं नाही. वहीला नमस्कार वगैरे नंतर.

लिहिते अशासाठी की या घरात मी बोललेलं सगळे विसरतात आणि न बोललेलं बरोबर लक्षात ठेवतात. आजपासून सगळं लेखी. शाळा चौथीपर्यंत, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

हुकूम असे. अलीकडचं राज्य म्हणतं, घरातच बसा, खिडक्या लावा, फटींना ओले टॉवेल. पलीकडचं राज्य म्हणतं, ताबडतोब घर सोडा, शाळेत चला. दोन्ही सरकारांच्या गाड्या एकाच गल्लीतून एकमेकींच्या स्पीकरवर ओरडत गेल्या.

आमचं घर दोघांचं. पुढची खोली अलीकडच्या राज्यात, स्वयंपाकघर पलीकडच्या. मधल्या उंबऱ्यात मोजणीवाल्यांनी पितळेचा खिळा ठोकलाय, ती हद्द. वीज अलीकडची, नळ पलीकडचा. सासऱ्यांच्या वेळेपासून पद्धत ठरलेली आहे. पुढच्या दारी सरकारी माणूस आला की सगळे स्वयंपाकघरात, मागच्या दारी आला की सगळे पुढे. डासांचे औषधवाले, शिरगणतीवाले, कुत्र्याचं लायसन विचारणारे, आजवर कोणाच्या हाती लागलो नाही. गॅसचंही तेच करायचं.

ठराव: दोन्ही सरकारांचं एकमत होईपर्यंत घरातून कोणी हलायचं नाही.

आमचा म्हातारा पुढच्या खोलीत खाटेवर. दमा जुना. तोंडात पंप मारत असतो. आज जरा जास्त खोकला. सून म्हणाली, आई, बाबांना त्रास होतोय, निघू या. म्हटलं, त्रास मला होतोय, खोकला ऐकून.

सोमवार. दुपार

पलीकडची पोलीसबाई मागच्या दारी आली. गळ्यात शिट्टी, बोलण्याआधी एकदा वाजवते. म्हणून नाव शिट्टी. म्हणाली, स्वयंपाकघर रिकामं करा, इमर्जन्सी कायदा लागू आहे, नाही निघालात तर उचलून नेण्याचा अधिकार आहे आम्हाला. म्हटलं, स्वयंपाकघर रिकामंच आहे बाई, बघून घे. आम्ही सगळे पुढच्या खोलीत उभे. खिळा दाखवला. ती उंबऱ्यापाशी थांबली, साहेबाला फोन लावला. साहेबाने त्याच्या साहेबाला विचारलं. मग शिट्टी गेली. यादीतून आमची नावं खोडली म्हणाली.

असं असतं. आवाज चढवावा लागला नाही. नुसता खिळा पुरला.

मंगळवार, ५ तारीख

रात्रीतून दोन्ही सरकारांनी मतं बदलली. पलीकडच्यांची शाळा नेमकी वाऱ्याच्या तोंडाशी निघाली, तिथले लोक खोकायला लागले, म्हणून आता ते म्हणतात घरातच बसा. अलीकडच्यांना वाटलं आपण मागे पडलो, म्हणून ते म्हणतात घर सोडा. माझी नात पाच वर्षांची, ती खेळण्याचे नियम यापेक्षा कमी वेळा बदलते.

सकाळीच पुढच्या दारी अलीकडचा हवालदार. पोट आधी आत आलं, मागून तो. मी तयारीत होते. खाट ओढत स्वयंपाकघरात नेली, म्हाताऱ्यासकट. खाटेचा पाय खिळ्याला अडकला, म्हातारा हलला, म्हणाला, अगं, मी काय कपाट आहे? म्हटलं, कपाट खोकत नाही.

ढेरीवाल्याला सांगितलं, आम्ही पलीकडे आहोत, तिकडचा हुकूम घरात बसण्याचा आहे, आम्ही कायदा पाळणारी माणसं. तो डोकं खाजवत गेला. बघून टाळी वाजवायला कोणी नव्हतं, नाहीतर वाजली असती.

संध्याकाळी मुलगा, सून, नात पिशव्या भरून निघाले. पळपुटे. मुलगा म्हणाला, बाबांना तरी नेऊ दे. मी म्हटलं, तुझा बाप माझ्या ताब्यात आहे, तुझ्या नाही. तो म्हणाला, आई, बाप आहे तो, मुद्देमाल नाही. सुनेने शिकवलेलं वाक्य. माझ्या पोराला असं सुचत नाही.

मी का जात नाही? कारणं लिहून ठेवते. एक, घर कोण राखणार. दोन, शाळेच्या बाकावर मला झोप येत नाही. तीन, एकदा बाहेर काढलेल्याला हे लोक परत आत कधी घेतील याचा भरवसा नाही. चौथं सांगणार नाही.

वास मात्र दोन्ही दारांनी येतो. कांदा चिरल्यासारखे डोळे. त्याला खिळा दाखवायची सोय नाही.

बुधवार, ६ तारीख

केंद्राचं पथक आलं. चौकात मोठी पांढरी बस, पिवळे सूट, पाठीवर सिलिंडर, तोंडावर काचेचे मास्क. काय थाट. सकाळपासून बसच्या सावलीत बसून बिस्किटं खातायत.

मी तोंडाला ओला टॉवेल बांधून गेले आणि त्यांच्या साहेबाला जाब विचारला. माणूस बोलायला गोड. म्हणाला, आजी, राज्याने लेखी बोलावल्याशिवाय आम्हाला टाकीला हात लावता येत नाही. गल्लीतली सुरक्षा हे राज्याचं काम. म्हटलं, कुठल्या राज्याचं? तो हसला. टाकी पलीकडे आहे, तिचा मोठा कॉक अलीकडे. अलीकडचे म्हणतात गळती तिकडे, त्यांनी बोलवावं. पलीकडचे म्हणतात कॉक तिकडे, त्यांनी बोलवावं. जो आधी बोलावेल त्याला आपल्याच्याने झालं नाही हे कबूल करावं लागतं, म्हणून कोणीच बोलावत नाही. आणि हे घोडे बिस्किटं खातायत.

मी त्याला समजावलं. म्हटलं, माझ्या घरात केंद्र मी. मी कोणाच्या बोलावण्याची वाट बघते का? सुनेचं भांडण असो, नातीचा ताप असो, मी आधी घुसते आणि मग विचारते काय झालं. कोणाची हिंमत आहे नको म्हणायची? तसंच करा. आधी कॉक फिरवा, चिठ्ठ्या मागाहून.

तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, घरात आता कोण आहे? म्हटलं, कोणी नाही. म्हातारा फक्त. त्याने लगेच कागदावर लिहून घेतलं. माझी योजना पसंत पडली असणार. उद्या सुरू करतील.

म्हातारा जेवला नाही. थोडा चहा घेतला. बसूनच झोपतो आता, आडवं झालं की शिट्टी वाजते छातीत. त्यापेक्षा पोलीसबाईची बरी.

गुरुवार, ७ तारीख

हा दिवस नीट लिहायला हवा. लोक मागून काहीही सांगतील.

सकाळी पंप संपला. नुसता फुसफुस करतो. औषधवाला नाक्यावर, नाक्यावर पत्रे लावलेले. पुढच्या दारी जाऊन ढेरीवाल्याला म्हटलं, औषध आणून दे. त्याने विचारलं, पेशंट आमच्या हद्दीत आहे का? आता मीच त्याला परवा सांगितलेलं की आम्ही स्वयंपाकघरात, म्हणजे पलीकडे. म्हणाला, मग तिकडच्यांना सांगा. मागच्या दारी गेले. शिट्टी म्हणाली, सोमवारी तुम्हीच म्हणालात तुम्ही पुढे असता, आमच्या यादीत तुमचं नावच नाही. दोघांना मिळून एवढी साधी गोष्ट कळत नाही. कसल्या परीक्षा देऊन भरती होतात देव जाणे.

मग मी डोकं चालवलं. खाट उंबऱ्यावर आडवी घातली. डोकं पलीकडे, पाय अलीकडे. म्हटलं, आता घ्या दोघांनी यादीत. असं कोणी आजवर केलं नसेल.

झालं असं की दुपारी टाकीची भेग वाढली आणि दोन्ही राज्यांनी पहिल्यांदा एकच हुकूम काढला: घरं रिकामी करा. पुढच्या दारातून ढेरीवाला, मागच्या दारातून शिट्टी, दोघं एकदम आत. दोघांच्या मागे गाड्या. मध्ये खाट. मी खाटेला धरून उभी. विचारलं, आधी सांगा, हा माणूस कोणाच्या अधिकारात येतो? ढेरीवाला म्हणाला, पाय आमच्याकडे आहेत. शिट्टी म्हणाली, तोंड आमच्याकडे आहे, श्वास तोंडाने घेतात. ढेरीवाला म्हणाला, मॅडम, तुम्ही कायदा शिकवू नका. असं छान जुंपलं होतं. मी जिंकत होते.

तेवढ्यात म्हातारा बोलला. दम लागला होता, म्हणून हळू बोलला आणि म्हणून दोघं गप्प झाले.

"गाडी कोणाची आधी निघते?"

शिट्टी म्हणाली, आमची.

तो उठला. डोक्याकडून उतरला, स्वयंपाकघरात. महिनाभर न्हाणीपर्यंत जायला ज्याला माझा खांदा लागतो, तो एकटा उठला. अनवाणी होता. चपला पुढच्या खोलीत. ढेरीवाल्याने त्या उचलल्या, खाटेवरून पलीकडे दिल्या, शिट्टीने वाकून त्याच्या पायात घातल्या. चार दिवसांत दोन राज्यांत झालेलं एवढंच काय ते सहकार्य.

मागच्या दारात थांबून म्हणाला, येतेस?

मी म्हटलं, अहो, घर कोण सांभाळणार?

"घराला दमा नाहीये," म्हणाला, आणि गेला.

नोंद असावी: परवानगी मीच दिली. मान हलवली होती. कोणी बघितली नसेल.

ढेरीवाला मला न्यायला वळला तर मी न्हाणीत जाऊन कडी लावली. न्हाणी पलीकडे येते. तो दारापर्यंत आला नाही. हाका मारल्या, मग पुढच्या गाडीत बसला. जिंकले.

शुक्रवार, ८ तारीख

सकाळी स्पीकर. अलीकडचा म्हणाला, आमच्या बाजूची सर्व घरं रिकामी झाली आहेत, नागरिकांचे आभार. पलीकडचाही तेच म्हणाला. मी खिडकीत उभी राहून हात हलवला. गाडीत कोणी मान वळवली नाही. मग पुढचं दार उघडून ओरडले, मागचं दार उघडून ओरडले. गल्लीत मांजरसुद्धा नाही. मला उचलायला यावं असं नाही म्हणत मी. पण दोन सरकारांकडे मिळून एक माणूस असू नये?

दुपारी खडखड झाली. दोन्ही राज्यांनी एकाच कागदावर सही करून केंद्राला बोलावलं म्हणे. पिवळे सूटवाले आत गेले, कॉक फिरवला, बाहेर आले. माझी थालीपिठाची भाजणी भाजून होते तेवढ्यात सगळं आटोपलं. माझीच योजना.

गोड बोलणारा साहेब खिडकीपाशी आला, मला बघून दचकला. म्हणाला, आजी, तुम्ही इथे? आम्ही तर फक्त आजोबांचं नाव दिलं होतं, तातडीने काढा म्हणून. बुधवारी तुम्ही सांगितलंत ना, म्हातारा फक्त.

म्हणजे तो कागद. बरं. निदान अक्षर चांगलं होतं त्याचं.

शनिवार, ९ तारीख

लोक परतले. मुलगा, सून, नात आले. नातीने विचारलं, आजी, तू कुठल्या शाळेत होतीस? सुनेने तिला आत नेलं, माझ्याशी भांडली नाही. तिचं न भांडणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागतं, पण तिला ते कळू देणार नाही.

म्हातारा पलीकडच्या हॉस्पिटलात. नाकात नळी, पण मुलगा म्हणतो जेवतो, पत्ते खेळतो, शिट्टीची ड्यूटी नसली की ती येते, तिला हरवतो. डॉक्टर म्हणतात, सोमवारी नेऊ शकता. पण हे म्हणाले, कोणी विचारलं तर येईन. ओढत नेणार असतील तर इथेच बरा आहे. मुलाने निरोप सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, शहाणा.

म्हणजे आता मी बोलवायचं. या घराचं केंद्र मी, आणि मी लेखी बोलावणं पाठवायचं.

मला रिकामी खाट दिवसभर पायात येते. मी ती उंबऱ्यावरून काढलेली नाही, वाकून जाते. पुढे ठेवू की मागे, ते ठरत नाही. चौथं कारण लिहायचं राहिलं होतं. शाळेत बायका-पुरुष वेगळे झोपवतात, आणि लग्नापासून मी एकही रात्र त्यांच्याशिवाय काढलेली नाही; आता घरात राहूनच दोन काढल्या. बस्स, लिहिलं.

बोलावणार वगैरे काही नाही. फक्त खाट कुठे हवी, एवढं विचारायचंय. मुलाला सांगितलंय, उद्या सकाळी हॉस्पिटलचा फोन लाव आणि माझ्या हातात दे. पण तिकडे फोन त्यांनी स्वतः उचलायचा. नर्सने उचलला, शिट्टीने उचलला, तर मी ठेवून देईन.