बाबांच्या खोलीतला भुसा

ताई,

ड्यूटीवरून आलीस की बाबांच्या खोलीतला भुसा झाडू नकोस. आधी हे वाच.

घरातल्या मुंग्या ओळखायचा माझा रिकामा उद्योग आज पूर्ण झाला. साखरेच्या डब्यातल्या बारीक लाल मुंग्या चावतात. मोरीतल्या काळ्या, कुणी दिसलं की सैरावैरा पळतात, काकांसारख्या. तिसरे ते मोठे काळे मुंगळे. ते लाकूड पोखरून आत राहतात आणि भुसा बाहेर टाकतात. म्हणजे घरात बाबा एकटेच सुतार नाहीत.

भुसा बाबांच्या कपड्यांतून पडतो असं धरून आपण रोज झाडत आलो. पण कंबर धरल्यापासून बाबा तीन आठवडे अंथरुणात आहेत. भुसा तरीही रोज पडतोय, पलंगाशेजारी, तुळईच्या बरोबर खाली. मी तुळईत स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहिला. मुठीपर्यंत आत गेला.

बाबांना म्हटलं, बाहेरच्या खोलीत चला. म्हणाले, "माझ्या हातची तुळई आहे. मी जिवंत असेपर्यंत पडायची नाही." मला नेमकी तीच भीती आहे.

पलंगही त्यांच्याच हातचा, त्यामुळे मला एकट्याला तसूभर हलत नाही. काकांचा फोन लागत नाही, म्हणून त्यांना आणि टेकू लावायला वासे आणायला पळतोय. तू रड, भांड, चक्कर आल्याचं नाटक कर, पण बाबांना तिथून उठव.

मुंगळे सकाळपासून अंडी तोंडात धरून रांगेनं दाराबाहेर चाललेत. एकही परत आलेला नाही.