झिऱ्याची जागा

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. मी तरी कुठं शाळेत गेले? पोरांची पुस्तकं चाळता चाळता अक्षरांशी ओळख झाली. तू गेलीस तेव्हा मी नुकतीच एसटीची पाटी वाचू लागले होते. आता नात गेवराईला कॉलेजात जाते आणि मी तिची पुस्तकं वाचते. यंदा तिला पर्यावरणाचा पेपर आहे, सगळ्यांनाच सक्तीचा. त्यात लिहिलंय, काही गोष्टी वापरल्या तरी पुन्हा भरून येतात, काही एकदा संपल्या की संपल्या. मी वाचता वाचता बोलून गेले, "आमचा झिरा भरून यायचा बघ, कितीबी उपसा." झालं! मॅडमनं घराजवळची एखादी जागा बघून वर्गात तिच्यावर बोलायला सांगितलेलं. पोरगी म्हणाली, "आजी, मला झिरा दाखव."

तुझा झिरा अजून डोळ्यांपुढं आहे. उन्हाळ्यात गोदावरीची धार पार पल्याड सरकलेली, अलीकडं नुसती वाळू, पाय भाजणारी. तू गुडघ्यावर बसून हातानं वाळू बाजूला सारतेस. कोपरभर खड्डा झाला की तळाला ओल दिसते, मग हळूहळू पाणी पाझरतं. पहिलं गढूळ पाणी करवंटीनं उपसून फेकायचं. मला लई तहान लागलेली, मी तेच प्यायला वाकले तर पाठीत धपाटा बसला. "थांब की भवाने! उपसल्याबिगर झिरा गोड होत न्हाई." घागर भरली की करवंटी तिथंच पालथी ठेवायचीस, मागून येणारीसाठी, आणि खड्ड्यावर बाभळीची फांदी, कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून. एकदा करवंटीत बारका शिंपला आला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणालीस, "घे, सोनं सापडलं तुला." दुसरं सोनं तू मला कधी देऊ शकली नाहीस, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही.

रविवारी आम्ही दोघी गेलो. गावातल्या गावात दिलेली लेक मी, वाट काय चुकणार? वाट बरोबर होती, नदीच ओळखू येईना. जागोजाग खड्डे, चिखलाचे ढिगारे, टायरांच्या चाकोऱ्या. मी पदर खोचून बसले आणि उकरायला लागले. वाळू ओंजळभरसुद्धा नव्हती. खाली चिकणमाती, तिच्याखाली खडक. पोरगी फोटोसाठी मोबाईल धरून उभी.

"आलं का गं पाणी?"

"थांब जरा. तुमाला लई घाई."

मला कळून चुकलं होतं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पण हात थांबेनात. शेवटी तिनंच मला धरून उठवलं. माझ्या नखांतला चिखल तिच्या ओढणीनं पुसला. "राहू दे आजी. वाळूच न्हाई तर पाणी कशात थांबंल? मी हेच बोलते वर्गात. पण वाळू नेली कोणी?"

मी म्हटलं, "ऊन झालं, चल."

माय, तू पाहिलं नाहीस, आता आपलं घर स्लॅबचं आहे. नात पाळण्यात होती, पत्र्याखाली लेकरू उन्हानं तळमळायचं, तेव्हा तुझ्या नातवानं ते बांधायला काढलं. मला म्हणाला, "आई, चांगली वाळू कुठं असंल? मातीची नको." झिरा गोड तिथं वाळू स्वच्छ, हे मला तुझ्याकडूनच कळलेलं. ट्रॅक्टरवर त्याच्याशेजारी बसून गेले आणि जागा दाखवली. नदी तेव्हा एवढी भरल्या अंगाची होती की दोन-चार ट्रॉल्यांनी तिचं काय जाणार असं वाटलं. मोठ्या गाड्या नंतर आल्या, त्यांनी तिला खरवडून नेलं. पण पहिलं फावडं आपलं. तूही जागा दाखवली असतीस गं. तुझी पणतीच तळमळत होती.

पोरगी शेजारी गेली तशी मी लेकाला म्हटलं, "ती विचारतीया, वाळू नेली कोणी."

"सांग की, गाड्यावाल्यांनी. खोटं हाय का?"

"तेवढंच खरं न्हाई ना."

"मग काय, वर्गात बापाचं नाव घेईल? पोरं हसतील तिला. कशापायी तिच्या डोक्याला ताप? जेव गप."

मी जेवले. तो वाईट नाही, माय. पोरीला एसटी चुकली तर काम टाकून गेवराईला सोडून येतो. पण पोरगी रोज मोठमोठ्यानं सराव करते, 'ज्यांनी नदी पोखरली त्यांना लाज वाटली पाहिजे' म्हणते, आणि मी भाकरी थापता थापता ऐकते. उद्या तिला दुसऱ्याच कुणाकडून कळलं, तर आमच्या तोंडाकडं बघेल का ती?

मधल्या खोलीच्या भिंतीला अजून गिलावा नाही. तिथं विटांच्या सांध्यात, सिमेंटमध्ये, एक बारका शिंपला अडकलाय, डाळीएवढाच. जाता-येता मी त्यावर बोट फिरवायची, तुझी आठवण म्हणून. पोरगी अभ्यासाला त्याच भिंतीशी बसते. रविवारी नदीवरून आले, हातपाय धुतले, आणि पडवीतलं कॅलेंडर काढून त्या शिंपल्यावर टांगलं. तिला वाटलं, तिच्या सोयीसाठीच. वर्गात बोलायच्या तारखेभोवती तिनं लाल गोल काढलाय.

आज ते कॅलेंडर काढायला उठले होते, माय. वाकडं झालेलं सरळ केलं, आणि परत येऊन बसले.