खुनी कळल्याशिवाय लावणी नाही

ती. यशोताईस कोमलचा नमस्कार.

आधी घडलेलं, क्रमाने:

१. तुझं ऐकून व्याकरण बंद केलं आणि तू पाठवलेली जर्मन रहस्यकथा नुसती मजेसाठी वाचायला घेतली.
२. ती गोष्ट भातलावणीत बायकांना सांगितली.
३. पुस्तक संपलं. खुनी सापडला नाही.
४. बायका आमच्या खाचरात उतरायला तयार नाहीत.

तुम्ही सगळे मजेत असाल. इथे तुझे काका (म्हणजे आमचे बाबा) सोडून सगळे बरे आहेत. ते वाढत चाललेल्या रोपाकडे बघतात, मग माझ्याकडे.

पण ताई, वाचन जमतंय. सुरुवातीची पानं शब्दकोश घेऊन ओढली (तू नको म्हणाली होतीस), मग चिडून तो कपाटात टाकला. पुढे एका पानावर गोष्टीतले पाद्रीबुवा काहीतरी बोलले आणि मी हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं, की ते जर्मनमध्ये होतं. कंपनीतल्या जर्मन ड्रॉइंगवरच्या टिपांनी मला असं कधी हसवलं नव्हतं. त्या आनंदात रजा टाकून मी सावडीला गेले (आज आपण त्यांच्या खाचरात, उद्या ते आपल्या), आणि कस्तुराबाईंच्या चिखलात उभी राहून गोष्ट सुरू केली. बायका इतक्या रंगल्या की डबे उघडायचे राहिले. शेवटी चिंगीने विचारलं, मारलं कुणी? मी म्हटलं, ते दुसऱ्या भागात आहे. (मुखपृष्ठावर ‘भाग पहिला’ छापलंय. मी थेट पहिल्या पानापासून सुरुवात केली होती.)

"म्हंजी तुलाच ठावं न्हाई?" चिंगी म्हणाली. "आन् आमी हितं वाकून ऐकत बसलो व्हय?"

कस्तुराबाईंनी कमरेवर हात ठेवला. "खुनी घिऊन ये पोरी, मग तुमचं खाचर."

काका म्हणतात, सांगून टाक कुणाचंही नाव. पुराव्याशिवाय मी नाव घेणार नाही. तेव्हा दुसरा भाग पाठव, निदान खुन्याचं नाव तरी कळव.

तुझी,
कोमल

ता. क. पत्र बॅगेतच राहिलं. दरम्यान कस्तुराबाईंनी परस्पर गोष्टीतल्या घड्याळजीला दोषी ठरवलं ("येवढं ग्वाड बोलणारा मानूस साधा नसतोय"). सगळ्यांना पटलं. लावणी काल झाली, काका हसले.

ता. क. घड्याळजी नाही. खुनाच्या वेळी तो दवाखान्यात होता. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलंय. आता खाचराचा प्रश्न नाही, मलाच चैन नाही. नाव मात्र कळवू नकोस, पुस्तकच पाठव. पाठवतेस की नाही, ते रविवारपर्यंत कळव.