हत्तिणीची पाठ

काष्टी, गुरुवार, १२ मे १९९४

अंग मोडून आलंय. सुट्टीला वन्सांकडे आलो काय, गावात फिरस्ता माहूत आला काय, आणि साठीत मी हत्तिणीवर बसले! लहानपणी दारात हत्ती आला, तरी कॉन्व्हेंटातल्या सिस्टर जवळही जाऊ देत नसत. मग नदीत तिला आंघोळ घातली.

"घासा बाई, लई आवडतं तिला," माहूत म्हणाला. एक बाजू झाली, तशी ती आपणहून वळली.

हे काठावर खुर्चीत बसून बघत होते. अर्धांग झाल्यापासून न्हाणीघरात एकटेच धडपडतात, मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी. माझ्याकडून करून घेण्यात कसला कमीपणा? ती किती सहज वळली...

संध्याकाळी न्हाणीघरातून हाक आली, "अगं, इकडे एक हत्ती खोळंबलाय."

हात गळून गेले होते, तरी पाठ घासली. मग हेही आपणहून माझ्याकडे वळले.