आवाज न करणारा कॉम्प्युटर

अप्पा,

गेल्या महिन्यात मी हॉलसाठी एक कॉम्प्युटर जोडला. टीव्हीला लावून सिनेमे बघायचे, गाणी ऐकायची, एवढंच त्याचं काम. फक्त त्यानं आवाज अजिबात करायचा नाही, ही माझी अट. तुम्ही असता तर डब्याभोवती एक चक्कर मारून विचारलं असतं, "एवढं करून मिळणार काय?" ते मला हिलासुद्धा नीट सांगता आलं नाही. ही म्हणाली, "बाहेर दिवसभर रिक्षा ओरडतात, शेजारणीचा मिक्सर फिरतो, आणि तुम्हाला एवढीशी घरघर खुपते?" खुपते. केशवापूरच्या आपल्या ह्या घरात मला बाकी सगळे आवाज चालतात, तो एक चालत नाही.

पहिला डाव फसलाच. शहाण्यासारखा मी तो शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवला, आणि तासाभरात आतली हवा अशी तापली की पंखा जीव खाऊन पळायला लागला. मग कप्प्याची मागची फळी काढली. पसरल्या पंजाएवढा मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणला. पॉवर सप्लाय बिनपंख्याचा घेतला, डब्याच्या पायांना रबर लावलं, आतून स्पंज चिकटवला. फिरणारी हार्डडिस्क तर घेतलीच नाही. आता चिपवाली मिळते, तिच्यात फिरायला काही नसतंच. तरी कुठंतरी बारीक झिणझिण राहिली. तेव्हा तुमचा पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक डब्यावर टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. मागच्या पत्र्याचा एक स्क्रू ढिला होता. तो आवळला आणि सगळं गप्प झालं. मी खूश व्हायला हवं होतं, पण मी स्क्रू ड्रायव्हर घाईघाईनं खणात ठेवून दिला. असेच वाकून, हाच स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून तुम्ही माझ्या खोलीत उभे होतात, ते आठवलं.

गोकुळ रोडवरच्या तुमच्या वर्कशॉपात आसपासच्या गावांतून जळलेल्या मोटारी यायच्या आणि तुम्ही त्या रिवाइंड करायचात. अजून दिसतं मला. तुम्ही मोटार चालू करता, स्क्रू ड्रायव्हर कानाशी धरता, डोळे मिटता आणि आणणाऱ्याला कानडीत सांगता की बेअरिंग अजून पंधरा दिवस ओढेल, मग घेऊन ये. पंधरा दिवसांनी तो माणूस येतोच. शाळा सुटल्यावर मी तिथं यायचो. एकदा एका मोटारीची कुरकुर ऐकू येऊ नये म्हणून मी रेडिओ मोठा केला, तर तुम्ही येऊन तो बंदच केलात. "आवाज करतेय म्हणजे काहीतरी सांगतेय. आधी तिचं ऐक." तुम्ही ओरडला नाहीत, पण मला ते चांगलंच लागलं होतं.

आणि मग ती अक्काच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. त्या लग्नानंतर आई दोनच वर्षं होती. लग्नात तिनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं होतं, अक्काचं नाव त्यात गुंफून. दोन मिनिटं असेल नसेल. आईचा आवाज तेवढाच राहिला होता, दुसरीकडे कुठंच नव्हता. कॅसेटला बुरशी लागली तेव्हा दुकानदार म्हणाला, फीत एकदा चालेल, दुसऱ्यांदा नाही. तशी ती एकदा चालली, कॉम्प्युटरवर उतरली, आणि तुटली. त्यानंतर तुम्ही संध्याकाळी वर्कशॉपातून यायचात, हातपाय धुऊन माझ्या खोलीत खुर्ची ओढून बसायचात आणि म्हणायचात, "लाव रे." ती दोन मिनिटं संपली की उठून स्वतःच चहा ठेवायचात.

एका संध्याकाळी आईचं म्हणणं चालू असतानाच तुम्ही हात वर केलात. "थांबव. हे मधेच टक् टक् काय वाजतंय?" आणि गेलात, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलात, डब्यावर टेकवून ऐकलंत. "ह्याचं बेअरिंग चाललंय बघ. एक कॉपी काढून ठेव दुसरीकडे." मी नुकताच इंजिनिअर झालेलो, डोकं आभाळात. "अप्पा, ही काय बोअरची मोटार आहे का?" म्हणून हसलो. तुम्ही मला तीनदा सांगितलंत. तिसऱ्यांदा तर बाजारातून कोऱ्या सीडींचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवलात. मी त्याचं प्लास्टिकसुद्धा फोडलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. तुम्ही पहाटेच वर्कशॉपात गेला होता, यंत्रं पुसायला आणि पूजेला. मी नऊच्या सुमाराला कॉम्प्युटर लावला. टक् टक् टक् झालं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं आली, डिस्क सापडत नाही. चारदा बंद-चालू केला. नाही म्हणजे नाही. तापल्यावर येईल अशा वेड्या आशेनं डबा तसाच चालू ठेवला, मॉनिटर तेवढा बंद केला. दुपारी तुम्ही घरी आलात आणि आपली पूजा सुरू झाली. मिक्सरला कुंकू, शिलाई मशिनला कुंकू, स्कूटरला झेंडूची माळ, दारात कोहळा. माझ्या खोलीत येऊन त्या डब्यालाही हळदकुंकू लावून वर फूल ठेवलंत. मग वर्कशॉपात करायचात तसाच घरचाही मेन बंद केलात, त्या दिवशी यंत्रांना विसावा म्हणून. डब्यातला पंखा घरघरत थांबला. मी कॉटवर पेपर धरून पडलो होतो. आईचा आवाज गेला याचं दुःख मला नंतर झालं, अप्पा. त्या क्षणी आधी सुटका दिसली.

दसऱ्याला सकाळी मी तुम्हाला समोर बसवूनच बटण दाबलं. नाटक सगळं. "काल चालू मशिनचा मेन बंद केलात ना? गेलं बघा. आईचं सगळं गेलं. आणि वरून ते कुंकू." आदल्या दिवशी सकाळी नऊलाच मेलेल्या डिस्कचं खापर मी तुमच्या पूजेवर फोडलं. तुम्ही फूल उचललंत आणि रुमालानं डब्यावरचं कुंकू पुसत बसलात. बेअरिंग चाललंय हे तुम्हीच ओळखलं होतं, तरी स्वतःच्या कानापेक्षा माझ्या डिग्रीवर विश्वास ठेवलात. संध्याकाळी सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायची वेळ झाली. आपल्यात लहानानं मोठ्याच्या हातात पान ठेवायचं आणि पाया पडायचं. मी वाकायच्या आधी तुम्हीच माझ्या हातात पान ठेवलंत आणि म्हणालात, "चुकलं माझं." मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी पान खिशात घातलं आणि मित्रांकडे निघून गेलो.

त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात. पाचही खंडेनवम्यांना तुम्ही माझ्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच हळदकुंकू दाखवलंत, आत आला नाहीत. घरचा मेन पुन्हा कधी बंद केला नाहीत. "लाव रे" असंही पुन्हा कधी म्हणाला नाहीत. अक्काला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत, "माझ्या हातून तुझ्या आईचा आवाज गेला." मी शेजारी उभा होतो. ती "होग्ली बिडु अप्पा, जाऊ दे" म्हणाली, आणि तिच्या नवऱ्यानं नंतर सांगितलं की दोन दिवस जेवली नाही. तुम्ही गेल्याला आता बारा वर्षं झाली. रडण्याची गोष्ट होती, तिची हळूहळू हसण्याची झाली. घरात चार माणसं जमली की कुणीतरी ती काढतंच.

या खंडेनवमीला अक्का धारवाडहून आली होती, हॉलमधलं माझं हे थिएटर बघायला. हिनं तबक घेतलं आणि नव्या डब्याला कुंकू लावायला हात पुढं केला, तर अक्का हसत म्हणाली, "अगं बाई, थांब. अप्पांनी अशीच पूजा केली आणि आईला गप्प केलं. लांबूनच दाखव." हिचा हात जागीच थांबला. मग हीसुद्धा हसली. कॉम्प्युटर चालू होता आणि त्याचा एवढासुद्धा आवाज नव्हता, मला खरं बोलायला याहून चांगली वेळ आयुष्यात मिळणार नव्हती. अप्पा, मीही हसलो. त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्यावर मी बोटानं कुंकू घेऊन डब्याला लावलं, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि जाऊन मेन बंद केला. आतून हिनं विचारलं, "करंट गेला का हो?" मी हो म्हणालो.

आणखी एक कबूल करतो. हे पत्र मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. वरती खोडलंय तिथं आधी 'अक्का' लिहिलं होतं, पाकिटावर अजून तिचाच पत्ता आहे. तिला वाचल्यावर विचारता आलं असतं, की अप्पा पाच वर्षं उंबऱ्यावर उभे होते तेव्हा तू काय करत होतास. म्हणून तिला खोडून तुम्हाला हाक मारली. तुम्ही असता तर काही विचारलं नसतं, पान पुन्हा माझ्याच हातात ठेवलं असतं.