डोहराक्षसाला किती समजतं?

सोमवार, ९ फेब्रुवारी

या पिक्चरवाल्यांना धरून बदडावंसं वाटतं! 'डोहराक्षस'चे पाच भाग झाले, सहाव्याचे मराठी संवाद मला लिहायचेत, आणि या प्राण्याला अक्कल आहे की नाही हे अजून कोणालाच माहीत नाही. पहिल्या भागात कडी काढून आत येतो. दुसऱ्यात माणसांसाठी सापळा लावतो. तिसऱ्यात काचेच्या दारावर डोकं आपटत बसतो — माशीसारखा! चौथ्यात चक्क बोलतो. पाचव्यात परत ढ. डबिंग कंपनी मलाच विचारते, याला भाषा समजते असं धरायचं का?

चुकांची यादी करायला घेतली. पाचही भाग पुन्हा बघायचे, बाबांच्या खोलीत. त्यांनाही विरंगुळा.

मंगळवार, १०

बाबा मध्येच गुडघ्यावर मूठ आपटतात. दोनदा. लकवा झाल्यापासून चार महिने तोंडातून शब्द नाही, आणि आता हे नवीन. आई म्हणते, "नसा ओढून राहिल्या वं त्यायच्या."

गुरुवार, १२

दवाखान्यात तपासणी. बोलण्याचा सराव देणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवून वीस प्रश्न विचारले. ही म्हैस आहे ना? हा पंखा आहे ना? काही खरे, काही मुद्दाम खोटे. बाबा कधी गप्प, कधी मूठ. मान एकदाही हलवली नाही. बाईंनी लिहिलं — आकलन नाही. "समजतच नसेल तर बोलण्याचा सराव देऊन काय उपयोग? सोमवारी ठरवू."

ऑटोत रडले. बाबा माझ्याकडे बघत होते. म्हणजे, डोळे माझ्याकडे होते. बघा, मीही असंच लिहायला लागले!

शुक्रवार, १३

काम नाही. जेवण नाही. भांडण तेवढं झालं, आईशी.

शनिवार, १४

कामठीहून संघपालकाका आले. बाबांसोबत तीस वर्षं पॉवरलूमवर होते. तिसरा भाग चालू होता, राक्षस काचेवर डोकं आपटत होता. बाबांची मूठ — दोनदा. काका खो खो हसले. "बराबर आहे देवाजी! काल कडी काढे, आज याले काच दिसत नाही काय?"

म्हटलं, काका, कोणाशी बोलताय?

"तुह्या बापाशी! तो सांगून राहिला ना — माग थांबव, चूक आहे."

मागांच्या खडखडाटात ओरडलेलंही ऐकू येत नाही. कापडात चूक दिसली की मूठ दोनदा आपटून दाखवायची. शेडमधली ही खूण बाबांनी घरी कधी आणलीच नाही, मला कुठून कळणार?

"आणि बरोबर असलं तर, काका?"

"बराबर असलं तर कोन काय म्हनते वं? गप ऱ्हायचं, माग चालू द्यायचा."

दवाखान्याचा कागद काढला. बाईंनी प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलंय — गप्प, मूठ, गप्प. मूठ फक्त खोट्या प्रश्नांपुढे. माय वं! वीसच्या वीस बरोबर! कागद घेऊन आईकडे धावले.

सोमवार, १६

बाईंनी कागद दोनदा वाचला, मग बाबांची माफी मागितली. बाबांची! माझी नाही. सराव उद्यापासून.

कंपनीला कळवलं — राक्षसाला पहिल्या भागापासून सगळं समजतं, असं धरून लिहिते आहे.

मंगळवार, १७

पाचवा भाग दोघांनी पूर्ण पाहिला. माझ्या यादीत अकरा चुका. बाबांची खूण तेरा वेळा! राहिलेल्या दोन जागा पुन्हा लावून पाहिल्या — चुकाच होत्या.

मग विचारलं, "बाबा, हे चार महिने आम्ही तुमच्यासमोर जे जे बोललो, ते सगळं समजत होतं?"

बाबा गप्प राहिले.