बिनधुराचा कोळसा

९ मार्च, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. इकडे म्हणजे भिंतीच्या अलीकडे. पोस्टाने लिहितोय, कारण भिंतीवरून हाक मारली तर आधी कोण बोललं यावर नवीन भांडण व्हायचं.

आधी हिशेब. माझ्या पहिल्या पोतंभर कोळशाची खरी किंमत अशी: माझ्या दोन्ही भुवया, तुझ्या गिऱ्हाइकाचा नुकता पॉलिश केलेला दरवाजा आणि आपलं बोलणं. भुवया उगवताहेत. दरवाजा तू पुन्हा घासून चकचकीत केलास म्हणे.

धूर कसा झाला ते तू ऐकूनच घेतलं नाहीस. छाटलेल्या फांद्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, असला कचरा लोक उघड्यावर जाळून टाकतात. मी तो ड्रममध्ये कमी हवेत भाजून कोळसा करतो, शेणकाल्यात मुरवतो आणि मातीत मिसळतो. माती पाणी धरून ठेवते. माझी मागची जमीन वीट होती वीट, आता बोट सहज आत जातं. पण ड्रमला खाली भोकं असतात, हवेसाठी. आणि भोक दिसलं की माझ्यासारखा बेकरीवाला तिथेच काडी लावणार! आयुष्यभर भट्टी खालूनच पेटवली ना. पुढचं तुझ्या दरवाजाने पाहिलं.

आता वरून पेटवतो. जाळ हळूहळू खाली उतरतो आणि खालचा धूर वर येता येता त्या जाळातच जळून जातो. धूर औषधालाही नाही! ही युक्ती मला कोणी शिकवली नाही बरं. बेकरी उभी केली तशीच, स्वतःच्या डोक्याने काढली. कोळसा काचेसारखा किणकिणायला लागला की वरून पाणी. ते आवाजावर कळतं, आणि माझे कान तुला माहीत आहेत.

त्या कानांचंच दुखणं आहे. पाव भट्टीत घालताना भिंतीपलीकडून तुझा घासकागद खर्रर्र खर्रर्र वाजायचा. तू कामाचं टेबल रस्त्यापलीकडच्या शेडमध्ये नेलंस, तेव्हापासून काहीच वाजत नाही. परवा अख्खा घाणा करपला. कारागीर म्हणाला, "मालक, डुलकी लागली का?"

"नाही रे, ऐकत होतो."

"काय?"

आता त्याला काय सांगणार?

आणि काल न्हाव्याकडे, तोंडाला फेस असताना, कळलं की तू घरच बदलतोयस. न्हावी ओरडला, "मान हलवू नका, वस्तरा आहे!"

तर असं कर. गुरुवारी मी ड्रम पेटवणार आहे. एक फळी पॉलिश करून ओलीच भिंतीवर ठेव. काजळीचा एक ठिपका जरी पडला तर खुशाल जा, सामान मी स्वतः टेम्पोत चढवीन. नाही पडला, तर टेबल जागेवर आण. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. घासत राहा, पुरे.

तुझा, भिंतीला कान लावून बसलेला,
धाकटा

ता. क. वर एक थाप मारली आहे. दुसऱ्या वेळीही मी काडी भोकाशीच नेत होतो. वहिनी स्टुलावर चढून भिंतीवरून ओरडली, "अहो भाऊजी, वर लावा, वर! आमच्या माहेरी असंच पेटवतात." युक्ती तिची आहे.